डबा लवकर भरला म्हणून

या मित्रांनो, जरा पुढे सरका. सतरंजीवर जागा पुष्कळ आहे. ज्याला भिंतीला टेकायचं असेल त्याने खुशाल टेकावं, फक्त हातातला मोबाईल पालथा घालावा. कीर्तनाला बसतो तसे बसा. आज तुम्हांला एका बिस्किटाच्या डब्याची आणि एका पोरीच्या भांगाची गोष्ट सांगते. या गोष्टीत शहाणी माणसं थोडी आणि शहाणपण शिकवणारी फार आहेत, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून तक्रार नको.

मी एक जुनी फणी आहे. हळदूच्या पिवळसर लाकडाची. एका अंगाला जाड दात, दुसऱ्या अंगाला बारीक. घोराडच्या यात्रेत एक म्हातारा कारागीर पायाच्या अंगठ्यांत लाकूड धरून बारीक करवतीने फण्यांचे दात पाडत बसायचा. एकेका दाताला तो एकेकदा हरीचं नाव घेई. तेव्हा माझ्यात जे काही बरं आहे ते त्या नामाचं समजा, आणि जे बोचरं आहे ते करवतीचं.

त्या यात्रेत मला जयवंताबाईंनी घेतलं आणि तळेगावला आणलं, वर्ध्याकडच्या श्यामजी पंतांच्या तळेगावला. बाजाराच्या रस्त्यावर त्यांच्या धाकट्या भावाचं, कैलासरावांचं किराणा दुकान आहे. दुकानाच्या मागे घर. घरात कैलासराव, त्यांची बायको प्रमिलाबाई, मुलगी वर्षाली, आणि लवकर विधवा होऊन माहेरी परतलेल्या जयवंताबाई. वर्षाली त्यांना आत्या म्हणते. घरातला शेवटचा शब्द आत्याचा. कैलासरावांना काही विचारलं की ते गिऱ्हाइकाच्या साखरेकडे बघत म्हणायचे, "तुम्ही बाया पाहून घ्या." या गोष्टीत त्यांच्याकडे तेवढंच काम आहे आणि ते त्यांनी चोख केलं.

माझी कामाची वर्षं मोठ्या मानाची होती. "फणी पाहावी तर ही! दुकानातल्या त्या पिलाष्टिकच्या कंगव्याले काय किंमत," असं जयवंताबाई शेजारणींना ऐकवायच्या. मला ते पटायचं. दुकानात दोरीला लटकलेल्या त्या रंगीत कंगव्यांना मी कधी आपलं मानलं नाही. दोन महिन्यांत दात पडतात आणि तरी हसतात! मग वर्ध्याहून एक गुलाबी ब्रश आला आणि मी दीड वर्ष कोनाड्यात धूळ खात पडले. समोर आरसा होता. त्याच्याशी काय बोलणार? जो समोर उभा राहील त्याला त्याचंच तोंड दाखवायचं, स्वतःचं मत म्हणून काही नाही. ब्रशच्या काड्या वाकल्या तेव्हा मला पुन्हा उचललं. माफी कोणी मागितली नाही. फणीची माफी कोण मागतं?

आता त्या डब्याचं सांगते. आमच्याकडे विंचरून झालं की माझ्या दातांत अडकलेले केस फेकत नाहीत. बोटाला गुंडाळून त्याचं लहान गुंडाळं करायचं आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. वर्षातून दोनदा डोक्यावर टोपलं घेऊन एक बाई गल्लीत यायची आणि लांब सूर काढायची, "केसावर भांडेऽऽ!" डबाभर केसांवर एखादी वाटी, झाकणी, फार तर पाण्याचा गडवा. गंज, म्हणजे उभट पातेलं, तर कधीच नाही. आमच्या घराचा डबा भरायला वर्ष लागायचं, तेही तीन डोक्यांचे केस मिळून.

वर्षालीचा शेपटा कमरेखाली यायचा आणि गळा त्याहून मोठा होता. गावातले कीर्तनकार अण्णाजी तिला कीर्तन शिकवायचे. सातवीत ती त्यांच्यामागे टाळ घेऊन उभी राहायची, आठवीत अभंगाचा सूर धरायची. नववीत गेली तेव्हा अण्णाजी म्हणाले, "यंदाच्या पौषातल्या सप्त्यात पाचव्या दिवशी दुपारचं कीर्तन वर्षाली करणार. मी मागं उभा राहीन." त्या दिवशी पोरीने मला दोनदा माईकसारखं तोंडापुढे धरलं आणि आरशासमोर निरूपण केलं. माझ्यासारख्या कीर्तनवेड्या लाकडाला आणखी काय हवं होतं?

पूर्वरंग संपला, मित्रांनो. आता कथा लागते.

आषाढात वर्षालीला टायफॉइड झाला. बारा दिवस ताप. उतरला तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. आत्याने लगेच नवस केला की पोरगी उठली, आता कीर्तन नीट पार पडेपर्यंत ती सोमवार आणि शनिवार धरेल. नवस आत्याचा आणि उपास पोरीचा! अशी वाटणी मी फार घरांत ऐकली आहे. आजारातून उठलेली वाढत्या अंगाची मुलगी आठवड्यातले दोन दिवस चहा आणि साबुदाण्यावर राहू लागली. उरलेल्या दिवशीही शाळेच्या घाईत अर्धी पोळी. शिवाय तिची पाळी आठ-आठ दिवस चालायची. पण ते घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. कोपऱ्यात बाजूला बसायचं आणि दिवस मोजायचे, म्हणजे सगळं आपोआप ठीक होतं असा त्या घराचा समज. माझं देवाशी भांडण नाही. मी त्याच्या नावाने कोरली गेले आहे. पण त्याचं नाव पुढे करून लेकरापुढचं ताट उचलणाऱ्यांना मी ओळखून आहे.

गणपतीच्या सुमाराला माझे दात जड व्हायला लागले.

एकेका विंचरण्यात मूठभर केस. उशीवर केस, न्हाणीच्या जाळीवर केस, शाळेच्या सदऱ्यावर केस. आणि घरात काय झालं असेल? सांगा बरं. कोणी घाबरलं? छे! आत्याने डब्याचं झाकण दाबून पाहिलं आणि तोंडभर हसून म्हणाल्या, "अवो प्रमिला, डबा पाह्यला का? महिन्यात भरला! पोट्टीच्या केसाले बरकत आहे बाप्पा. यंदा वाटीवर नाई ऐकायचं, गंज घेऊ."

पोरीचं डोकं रिकामं होत होतं आणि या बाईंना डबा भरल्याचा आनंद. मी दुसरा डबा सुरू झालेला पाहिला, तो दिवाळीलाच अर्धा झाला. मला तोंड असतं तर ओरडले असते. पण मला फक्त दात आहेत.

भांग रुंद झाला. आधी दोऱ्याएवढा होता, मग बोटाएवढा. तेव्हा कुठे घराचं लक्ष गेलं, आणि लक्ष गेल्यावर आणखी वाईट झालं. आधी कांद्याचा रस. पोरगी वर्गात बसली की बाजूचा बाक रिकामा. मग जास्वंदीचं तेल, मग मेथीचं, मग मोबाईलमधल्या कोण्या बाईने सांगितलेलं सात जडीबुट्यांचं तेल. त्या बाईचे केस गुडघ्यापर्यंत आणि अक्कल त्याच्या कितीतरी वर संपलेली. बाटलीवर लिहिलं होतं, सात दिवसांत फरक. सातव्या दिवशी फरक पडला खरा, बाटली रिकामी झाली. "वेणी सैल ठेवून राह्यली म्हणून गळते," असं म्हणून आत्या भुवया ताणल्या जातील एवढी घट्ट वेणी घालू लागल्या. ते काम माझ्याकडूनच करून घेतलं. कानशिलावरचे केस मुळासकट यायचे आणि मी ते गोळा करायची. हे सांगताना मला स्वतःचाही राग येतो.

शाळेतल्या दोन मुली तिला 'चांदणी' म्हणू लागल्या. मागून टॉर्च मारायच्या. वर्षाली अण्णाजींकडे जायची बंद झाली. एक दिवस ती आईला म्हणाली, "मी नाई उभी राहत कीर्तनाले. सगळे भांगच पाह्यतीन."

त्यावर आत्याने तोडगा काढला. तोडगा काढणारी माणसं नेहमी दुसऱ्याच्या डोक्यावर काढतात.

"एकदा बोडकं करून टाकू," त्या म्हणाल्या. "देवाले केस वाहू. एकदा वस्तरा फिरला की मग असे दाट येते की फणी मोडते. कीर्तनात डोक्यावर पदर घेजो. उलट शोभून दिसते, संत बाईसारखी."

"नको ना आत्या," वर्षाली म्हणाली. एवढंच म्हणाली. प्रमिलाबाई भांडी घासत होत्या, त्यांनी घासलेलंच ताट पुन्हा घासायला घेतलं. कैलासराव दुकानातून म्हणाले, "तुम्ही पाहून घ्या." पुढचा सोमवार ठरला.

त्याच्या आदल्या शुक्रवारी दुपारी गल्लीत सूर आला, "केसावर भांडेऽऽ!"

भांडेवाली ओट्यावर टेकली. काळीसावळी, पन्नाशीची, हाताला घट्टे. टोपल्यात वाट्या, गंज, एक मोठं लखलखीत पातेलं. आत्याने दोन्ही डबे पुढे ठेवले आणि पातेल्यावर नजर टाकून म्हणाल्या, "हे तर देच, पण सोमवारी येजो. पोट्टीचे अख्खे केस काढून राह्यलो. कमरेएवढे लांब. त्याच्यावर हे पातेलं."

मला वाटलं, झालं. लांब केसांचा असा व्यवहार कोणती भांडेवाली सोडेल?

तिने डबा उघडला. एक गुंडाळं सोडलं, केस पदरावर पसरले आणि एकेक केस उजेडात धरून त्याचं टोक बघू लागली. मी तिथेच, प्रमिलाबाईंच्या हातात होते. पन्नास वर्षांत माझ्या दातांतले केस कोणी असे पाहिले नव्हते. माझे मालक केसाला केस समजत होते. ती त्याला कागदासारखं वाचत होती.

"हे किती डोक्याचे?"

"एकाच. माह्या भाचीचे. म्हणून तर सांगून राह्यलो, बरकत आहे."

"कायची बरकत वो बाई?" भांडेवालीने मान वर केली. "सगळ्या केसाले मुळाचा पांढरा दाणा आहे. तुटलेला एक नाई. हे मुळातून निघून राह्यले. अन् इतके! रोज चार गावचे केस हातातून जाते माह्या, मले समजते." मग दारात उभ्या वर्षालीला तिने हाताने बोलावलं, डोळ्याखालची पापणी अंगठ्याने अलगद खाली ओढली आणि नखं पाहिली. "पांढरीफट आहे पोरगी. ताप आलता काय मोठा?"

"आषाढात. टायफॉइड," वर्षाली म्हणाली.

"तेच. अन् महिन्याचं? लय जाते काय अंगावरून?"

वर्षालीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

"जेवते काय?"

"उपास आहे तिले," आत्या ताडकन म्हणाल्या. "तुले काय करायचं? भांडे देते का नाई ते सांग."

भांडेवालीने केस पुन्हा गुंडाळले, डब्यात ठेवले, झाकण लावलं आणि डबा आत्याकडे सरकवला. "हे मी नाई घेत. अन् सोमवारी येतही नाई. दुखण्याचे केस घेऊन पातेलं देलं तर रात्री झोप नाई येणार मले. माह्या बहिणीच्या पोरीचं असंच होतं, आमी बोडकं केलं, अन् रक्त तपासलं नाई. ते शाळेत चक्कर येऊन पडली तवा डोळे उघडले. वस्तऱ्याने केस दाट होत नाई बाई. सावंगीच्या दवाखान्यात न्या हिले. डबे घेऊन जा सोबत, डॉक्टरले दाखवा."

"पाहा बाप्पा! भांडेवाली डॉक्टर झाली!" आत्याचा आवाज गल्लीभर गेला. "चालती हो इथून. पाणी मागशीन तर तेही नाई मिळणार."

ती उठली. टोपलं डोक्यावर घेतलं. पातेलं उन्हात चमकलं आणि वळणावर गेलं.

तेव्हा, मित्रांनो, जे घडलं ते मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. प्रमिलाबाई मला हातात तशीच धरून अनवाणी रस्त्यावर धावल्या. वळणावर गाठून म्हणाल्या, "बाई, नाव काय तुमचं?"

"रुख्मा. कायले?"

"कायले नाई. असंच."

गाव विचारायचं त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने प्रमिलाबाई लेकीला घेऊन निघाल्या. आत्या दारात आडव्या उभ्या होत्या. "शनिवार आहे, उपासाचं पोरीले कुठं नेऊन राह्यली?" प्रमिलाबाईंनी पिशवीतून भाकरीचं फडकं काढलं, आत्यासमोर वर्षालीच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "गाडीत खाजो." दोन्ही डबे आणि मी पिशवीत होतो. आर्वीपर्यंत उभ्याने गेलो, पण मला एवढा चांगला प्रवास दुसरा आठवत नाही.

सावंगीच्या दवाखान्यात रांग मोठी होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. डबे पाहून त्या हसल्या. "मूठभर केस पुडीत घेऊन येणाऱ्या रोज भेटतात. डबाभर पहिल्यांदाच पाहते." मग मात्र हसू आवरून त्यांनी नीट विचारलं आणि नीट पाहिलं. कुठे गोल चट्टा आहे का, चेहऱ्यावर लव वाढली आहे का, पाळी चुकते का, घरात कोणाला असं आहे का. रक्त घेतलं. पुढच्या खेपेला कागद आले. थायरॉईड ठीक, रक्त आठवर, अंगातला लोहाचा साठा तळाला.

त्यांनी वर्षालीलाच समोर बसवून सांगितलं, आईला नव्हे. ते मला आवडलं. "केस काही वर्षं वाढतो, मग विसावा घेतो, मग गळतो आणि तिथेच नवा येतो. मोठा ताप आला की पुष्कळ केस एकदम विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. तेवढंच असतं तर आपोआप भरून आलं असतं. पण तुझ्या अंगात रक्तच नाही, पोटात अन्न नाही, आणि वर घट्ट वेणी. मुळं जिवंत आहेत. केस येतील."

"कवा?"

"गळणं दोन-तीन महिन्यांत कमी होईल. नवे दिसायला सहा महिने. शेपटा पूर्वीसारखा व्हायला वर्ष, दीड वर्ष. सात दिवसांत काही होत नाही. जो सांगतो तो तेल विकतो."

अगदी माझ्या मनातलं! लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या चहासोबत नको, लिंबाच्या पाण्यासोबत घ्यायच्या. जास्त जाणाऱ्या पाळीवर औषध दिलं. वरण, उसळ, चवळी, मेथी, तीळगूळ, दूध, दोन्ही वेळा पोटभर. उपास बंद. वेणी सैल. वस्तरा नको, त्याने कापलेलं टोक जाड वाटतं, केस जाड होत नाही.

"कीर्तन पाच आठवड्यांवर आहे," वर्षाली हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. खोटं बोलल्या नाहीत, म्हणून मी त्यांना मानते. "तोवर नाही येणार, बाळा," त्या म्हणाल्या.

घरी आत्या नवस मोडल्याचा हिशेब देवाला कोण देणार म्हणून रडू लागल्या आणि थेट अण्णाजींना घेऊन आल्या. अण्णाजी म्हातारे, हळू बोलणारे. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "जयवंताबाई, इतके वर्षं माह्या कीर्तनात पहिल्या रांगेत बसता. देवानं लेकराचं ताट मागितलं, हे मी कोणत्या कीर्तनात सांगितलं? मले तर आठवत नाई." आत्याने पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून सोमवार-शनिवार आत्या स्वतः धरतात. नवस त्यांचा, उपास त्यांचा. वाटणी तेव्हा कुठे सरळ झाली.

वर्षालीला अण्णाजी एवढंच म्हणाले, "उभी राहशीन तर मी मागं आहो. नाई राहिलीस तरी मी आहोच."

सप्त्याचा पाचवा दिवस. देवळाच्या मागच्या खोलीत प्रमिलाबाईंनी सैल वेणी घातली आणि मला कमरेला खोचलं, म्हणून मी सगळं ऐकू शकले. दुपारचे चार. मंडपाच्या कापडातून ऊन बरोबर नारदाच्या गादीवर पडत होतं, म्हणजे बरोबर भांगावर. वर्षाली पदर न घेता उभी राहिली. अभंग लागला, मृदंग लागला. पुढे बसलेल्या त्या दोन मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. वर्षालीने टाळ थांबवले.

"माह्या भांगाकडे पाहून राह्यल्या ना? पाहा. नीट पाहा. आज कीर्तनाचा दृष्टान्त तोच आहे."

मग तिने डब्याची गोष्ट सांगितली. केस गळत होते आणि आम्ही गंज कोणता घ्यायचा ते ठरवत होतो, हे ऐकून लोक पोट धरून हसले. आत्या पहिल्या रांगेत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत. वर्षालीने ताप सांगितला, रक्त सांगितलं, आणि माईकवर, साऱ्या गावापुढे, 'पाळी' हा शब्दही सांगितला. मागच्या बाजूला बायकांच्या माना वर झाल्या. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "देव दारात येते तवा वेश पालटून येते, असं अण्णाजी शिकवते. आमच्या दारात आला तवा त्याच्या डोक्यावर भांड्याचं टोपलं होतं. त्यानं माह्ये केस वाचले, त्याचा सौदा गेला. अन् आमी त्याले पाणीही नाई देलं."

आणि तिने जो सूर धरला, मित्रांनो, तो मी सांगू शकत नाही. मागून अण्णाजींचा आवाज फुटला. भांगाकडे नंतर कोणी पाहिलं नाही. पाहिलं असेल तर हात जोडून.

आता उन्हाळा आहे. डबा चार महिन्यांत चतकोरही भरला नाही. परवा विंचरताना माझ्या बारीक दातांना भांगाच्या दोन्ही अंगांनी काहीतरी टोचलं. कोवळे, बोटाच्या पेराएवढे, ताठ उभे केस. वर्षालीने आरशात पाहिलं आणि कधी नव्हे तो आरशानेही कामाचं काही दाखवलं. कीर्तनानंतरच्या महिन्यात गावातल्या सहा मुली आयांना घेऊन सावंगीला गेल्या. त्यांत त्या टॉर्चवाल्या दोघींपैकी एक होती. तिचंही रक्त नऊवर निघालं.

रुख्माबाई मात्र परत आली नाही. आमच्या गल्लीत तरी नाही. आत्या रोज दुपारी ओट्यावर पाट ठेवतात, गडवा भरून ठेवतात आणि काही काम नसताना तिथे बसतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "ऊन खाऊन राह्यलो." वैशाखात! संध्याकाळी गडव्यातलं पाणी तुळशीला जातं. मी कोनाड्यातून बघते. आत्याबद्दल मला फार बरं काही बोलायचं नव्हतं, पण तो गडवा त्या रोज स्वतः चिंचेने घासून मग भरतात, हे सांगितलं नाही तर माझी गोष्ट खोटी होईल.

तेव्हा एक मागणं आहे. केस गळायला लागले की डबा दाबून बघू नका, रक्त दाखवा. ते तुम्ही कराल, पण माझं मागणं ते नाही. तुमच्या गल्लीत कधी डोक्यावर टोपलं घेऊन सूर आला तर बाहेर या. आधी पाणी द्या. मग विचारा, "रुख्माबाई का तुम्ही?" ती असली तर सांगा, तळेगावच्या वर्षालीचे केस आले. आणि नसली, तरी पाणी देऊन तिचं नाव एकदा मनात घ्या.